दोन तोळं बीड

त्या रविवारी आबांनी फाटक लावून घेतलं. बघायला गेलं तर एवढंच झालं होतं.

मे महिना, सकाळचे साडेदहा, आणि दारातल्या शेवग्याचं पानसुद्धा हलत नव्हतं. घरापुढच्या फरशीवर पोतं अंथरून मी बुलेटचं पुढचं चाक आडवं घातलं होतं. डिस्क खाली टेकून वाकू नये म्हणून दोन बाजूंना लाकडी ठोकळे, हाताशी साबणाच्या पाण्याचा मग, एक टाकाऊ ब्रश आणि तीन लोखंडी पट्ट्या. हात मनगटाच्या वरपर्यंत काळे झाले होते. टायरचा काळेपणा, ब्रेकची धूळ आणि एक्सलचं ग्रीस असं सगळं मिळून जो रंग होतो, तो काजळासारखा नसतो. त्याला हिरवट चकाकी असते आणि तो नखांच्या कडेला जाऊन बसतो. आबा कट्ट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. समोरचे रिटायर झालेले गुरुजी पिशवी घेऊन बाहेर पडले, आमच्या दारात थबकले आणि म्हणाले, "काय साहेब, बँक सुटली काय?" मी हसलो, तेही हसले आणि भाजीला गेले. मग आबा उठले. काठी न घेताच फाटकापर्यंत गेले, दोन्ही झापं ओढली, कडी घातली आणि परत येऊन पेपर तोंडापुढं धरला. बोलले काहीच नाहीत.

आमचं फाटक दिवसा कधी लागत नाही.

ते लागलं की दुपार जरा अंधारल्यासारखी होते, कारण खाली पत्रा मारलेला आहे. मी पट्टी टायरच्या कडेत घालून बसलो होतो आणि डोक्यात एकच विचार फिरत होता की हे कुणासाठी लावलं? गुरुजींसाठी, गल्लीसाठी, की माझ्यासाठी? विचारायचा धीर झाला नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी बापाला असलं काही विचारायचं म्हणजे आधी आपलं आपल्याला काहीतरी कबूल करावं लागतं.

टायर घरी बदलायचं खूळ कुठून आलं तेही सांगतो. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीचं हँडल थरथरायला लागलं होतं. कोल्हापूर गावात काही नाही. राजारामपुरीतून दसरा चौकापर्यंत गाडी कधी पन्नासच्या वर जातच नाही, तेव्हा कळणार कसं? पण उजळाईवाडी ओलांडून कागलच्या दिशेनं हायवेला लागलं आणि काटा सत्तरच्या पुढं सरकला की तळहातात मुंग्या यायच्या. लक्ष्मी टेकडीच्या उतारावर तर आरशातला मागचा ट्रक दोन ट्रक दिसायचा. टायर बघितला तर मधोमध सपाट झालेला, नक्षीच्या खाचांतल्या झिजेच्या खुणा वर आलेल्या. कडेवरचे चार आकडे होते २७१८, म्हणजे २०१८ सालच्या सत्ताविसाव्या आठवड्यात बनलेला. नखानं दाबला तर रबर लाकडासारखं लागलं. एका दुकानात नवीन टायर बसवायला गेलो. पोरगा चांगला होता, पण घाईत होता. "बॅलन्सिंग करणार का?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "टूव्हीलरला कोण करतंय काका? चारचाकीचं मशीन हाय, त्यात तुमचं चाक बसत न्हाई." मी टायर तेवढा विकत घेतला, खांद्यात अडकवला आणि परत आलो. रस्त्यात दोघांनी विचारलं, कुठल्या तालमीचा म्हणून.

बॅलन्सिंगला कोण विचारतंय हे खरं आहे. पण बँकेत बसून एकदा एका पावतीच्या पाठीमागं मी हिशेब मांडला आणि मला झोप आली नाही. पुढचं चाक १९ इंची. गाडी ताशी ८० किलोमीटरनं पळते तेव्हा ते सेकंदाला साधारण ११ वेळा फिरतं. रिमवर एका जागी नुसतं २० ग्रॅम वजन जास्त असेल, म्हणजे लिंबाच्या दोन-तीन फोडींएवढं, तर त्या वेगाला ते सव्वादोन किलोच्या वर ओढ देतं. ही ओढ एका सेकंदात अकरा वेळा वर आणि अकरा वेळा खाली. ताशी ४० ला तीच ओढ चौथ्या हिश्श्यावर येते, म्हणून गावात कुणाला पत्ता लागत नाही. वेग दुप्पट झाला की त्रास चौपट होतो. कर्जाचं व्याज चढतं तसं मला ते वाटलं. पण हे बँकेतल्या माणसाचं झालं, त्याला सगळ्यात व्याजच दिसतं.

तर चाक काढलं. व्हॉल्व्हमधली बारकी पिन फिरवली तशी हवा आधी फस्सकन आणि मग बराच वेळ कुरकुरत गेली. ट्यूबमधल्या जुन्या हवेला एक वास असतो, शाळेतल्या खोडरबराच्या डब्यासारखा आणि थोडा आंबट. सात वर्षं कोंडलेली हवा म्हणायची इच्छा होते, पण ते खोटं आहे, दर पंधरा दिवसांनी आपण भरतच असतो. मग टायरवर उभं राहून टाचांनी कड खाली दाबायची. ती रिमला चिकटून बसलेली असते. एका जागी सुटली की 'टप' असा आवाज येतो आणि पुढं सगळीकडून सुटत जाते. इथपर्यंत माणसाला आपण मेस्त्री झालो असं वाटतं. खरा खेळ पट्ट्या घातल्यावर सुरू होतो. पहिली पट्टी जाते, दुसरी जाते, तिसरी घालताना पहिली सुटून नडगीवर बसते. मी जोर लावत गेलो, कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला, आणि टायर होता तिथंच. अर्ध्या तासानं कळलं की रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हाळी असते ती कशासाठी असते. समोरच्या बाजूची कड गुडघ्यानं दाबून त्या पन्हाळीत ढकलली की इकडच्या बाजूला बोटभर ढिली जागा मिळते, आणि जो टायर दोन माणसांच्या ताकदीला जुमानत नव्हता तो एका हाताच्या पट्टीनं बाहेर येतो. मुलगी मोबाईलवर व्हिडिओ लावून बसली होती. "त्यानं हेच सांगितलंय बघा दुसऱ्या मिनिटाला," ती म्हणाली. "मी म्हणत होतो तुम्हाला." आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, करतो, जातो, म्हणतो. पुण्याची पाहुणेमंडळी हसतात, त्यांना हसू दे.

टायरच्या त्या कडेला इंग्रजीत बीड म्हणतात. आत पोलादी तारांचं कडं असतं, ते ताणत नाही, म्हणून टायर रिमवर धरून राहतो. मुलगी मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, बीड सगळीकडनं सुटलं काय?" तसा पेपरामागून पहिल्यांदा आवाज आला.

"रबरात बीड कुठनं आलं?"

आमच्या घरात बीड म्हणजे ओतीव लोखंड. तव्याचं, इंजिनाचं, पंपाच्या केसिंगचं. आबांच्या चाळीस वर्षांच्या पगाराचं बीड. मी टायरचं बीड समजावून सांगायला लागलो, तर त्यांनी पान उलटलं.

नवा टायर चढवताना मी ट्यूब चिमटली. नवी कोरी ट्यूब, पावडर लावून, अंगापुरती हवा भरून, लहान बाळाला झबलं घालावं तशी आत बसवलेली, आणि शेवटच्या वितीला पट्टी जरा खोल गेली. कळलं ते पंप मारताना. पायानं शंभर वेळा मारला तरी चाक मऊच. बादलीत धरल्यावर बुडबुडे आले, एक नाही, सापाच्या दातांसारखी शेजारी शेजारी दोन भोकं. परत सगळं उघडलं तेव्हा मुलीनं दाखवलं की कडेवरचा बाणही उलट्या दिशेला आहे. म्हणजे ट्यूब चिमटली ते बरंच झालं. दुसऱ्या वेळी व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी शेवट केला, कारण व्हॉल्व्हच्या जागी कड पन्हाळीत उतरत नाही. व्हॉल्व्ह बोटानं आत ढकलून ट्यूब वर सारली, साबणाचं पाणी हात आखडता न घेता लावलं, आणि टायर बसला. पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर. ठिपक्याची जागा टायरची सगळ्यांत हलकी म्हणून खुणावलेली असते आणि व्हॉल्व्ह जड, म्हणून दोघांची गाठ घालायची. हवा भरत गेली तशी कड आधी एका बाजूनं आणि मग दुसऱ्या बाजूनं 'ठप्प' करून जागेवर आली. रिमलगतची बारीक रेघ सगळीकडं सारख्या अंतरावर आहे का हे मी तीनदा बघितलं. शेजारच्या पोरानं फाटकाच्या फटीतनं विचारलं, "काका, किती वाचलं?" ट्यूब धरली तर तोट्यातच होतो. त्याला म्हटलं, "दीडशे."

चाकात हवा भरायची कल्पना कुणाची, हे मला पूर्वीपासून माहीत होतं, पण त्या दिवशी ते वेगळं लागलं. बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं १८८७-८८ च्या सुमारास पोराच्या तीन चाकी सायकलीसाठी रबरी नळी चाकाला गुंडाळून हवा भरली. खडबडीत रस्त्यावर पोराला हिसके बसू नयेत एवढंच. त्याच्या चाळीसेक वर्षं आधी टॉमसन नावाच्या माणसानं हीच गोष्ट पेटंट करून ठेवली होती आणि जग विसरूनही गेलं होतं. पुढं त्यावरून डनलॉपचं पेटंट गेलं. पण नाव राहिलं ते बापाचं. जनावरांचा डॉक्टर, म्हणजे त्यालाही हात घाण करायची सवय असणारच. मी विचार करत बसलो की त्याच्या घराचं फाटक उघडं होतं की लावलेलं.

आबांनी हात घाण केले ते मी माझे करू नयेत म्हणून. हे असं कुणी आमच्या घरात कधी बोललं नाही. आबा उद्यमनगरात एका इंजिनाच्या कारखान्यात टर्नर होते, नंतर फिटर, नंतर सगळंच. शेतीपंपाची ऑईल इंजिनं व्हायची तिथं. त्या वेळी गावातनं माळाला जाताना टुकटुक आवाज आला की आबा थांबून ऐकायचे आणि 'आमचं हाय' किंवा 'आमचं न्हवं' एवढंच सांगायचे. म्हादबा मेस्त्री म्हणजे कोल्हापूरच्या कारखानदारीतलं जुनं नाव, ते निघालं की ते कानाला हात लावायचे. त्यांची सुट्टी सोमवारी, माझी रविवारी, त्यामुळं जागे असताना आम्ही एकमेकांना फार कमी बघितलं. जे बघितलं ते हात. कामावरनं आल्यावर परड्यात बसून आधी रॉकेलनं, मग लाकडाचा भुसा आणि सोड्यानं ते हात धुवायचे, आणि हे चांगलं पंधरा मिनिटं चालायचं. तरी उजव्या हाताच्या रेषा काळ्याच राहायच्या. वहीवर सही करायची असली तर आई पान धरायची आणि ते फक्त पेन टेकवायचे. पानाला डाग लागला तर बाईंनी काय म्हटलं असतं? बहुतेक काही नाही. पण त्यांनी ती पाळी येऊ दिली नाही.

सहावीच्या सुट्टीत मी त्यांना डबा द्यायला जायचो. कारखान्याला मोठं लोखंडी फाटक आणि त्याला माणूस जाईल एवढी दिंडी. दिंडीच्या आत पाय टाकायची मला परवानगी नव्हती. "आत येऊ नगंस," एवढंच. वॉचमनच्या स्टुलावर बसायचं, डबा द्यायचा, मागचा रिकामा घ्यायचा. ज्या दिवशी भट्टी सुटायची त्या दिवशी सगळी गल्ली तापलेल्या वाळूच्या आणि कोकच्या वासानं भरलेली असायची. तो वास अजून कधी बेकरीसमोरून जाताना अचानक येतो, का येतो माहीत नाही. दिंडीतनं मला कारखान्याचा एकच तुकडा दिसायचा. त्या तुकड्यात दोन पोलादी पट्ट्या होत्या, समोरासमोर, आडव्या, अगदी समपातळीत बसवलेल्या, आणि त्यांच्यावर दांड्यावर ठेवलेलं इंजिनाचं फ्लायव्हील. आबा ते बोटानं जरा ढकलायचे आणि हात मागं घ्यायचे. ते एवढं मोठं बिडाचं चाक पाळण्यासारखं हलायचं, पुढं, मागं, पुढं, हळूहळू कमी होत जायचं आणि थांबायचं. थांबलं की आबा खडूनं खाली एक रेघ मारायचे. मग परत ढकलायचे. मला वाटायचं ते खेळतायत. घरी कधीही न खेळणारा माणूस दुपारी साडेबारा वाजता एकटाच चाकाशी खेळतोय, आणि मला आत घेत नाही, असं वाटून मी एकदा रडलोही होतो. वॉचमननं शेंगा दिल्या.

त्यांची इच्छा पूर्ण झाली. मी बीकॉम झालो, बँकेत लागलो, माझी बोटं नोटा मोजून मोजून गुळगुळीत झाली. आमच्या पिढीत आमच्या गल्लीतनं असे बरेच निघाले, मेस्त्र्यांची पोरं, पांढऱ्या शर्टातली. घरातला नळ गळाला तर प्लंबरला फोन करणारी. मला त्याची लाज वाटते म्हणावं तर तेही खरं नाही, पगाराच्या तारखेला अजिबात वाटत नाही. पण गाडी सर्व्हिसिंगला टाकून काचेपलीकडं बाकावर बसलो की आत कुणीतरी माझ्या गाडीचं काहीतरी उघडतोय आणि मी बघू शकत नाही, तेव्हा ती दिंडी आठवते.

असल्या माणसानं चाळीस वर्षं राबून पोराचे हात पांढरे ठेवले, आणि त्या पोरानं रविवारी सकाळी हौसेनं, नाष्टा वगैरे करून, गल्लीच्या देखत ते काळे करून घेतले. फाटक लावणार नाहीतर काय करणार?

अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मधला आठवडा त्यातच गेला.

टायर बसला तरी चाक गाडीला लावलं नव्हतं, बॅलन्स करायचं बाकी होतं. संध्याकाळी मी चाक त्याच्याच एक्सलवर, दोन खुर्च्यांच्या मध्ये टांगून बघायचो. ढकललं की फिरायचं आणि वाटेल तिथं थांबायचं. एकदा व्हॉल्व्ह वर, एकदा बाजूला. मला वाटलं, बॅलन्स आहेच की मग. आबा दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटात बघत म्हणाले, "बेअरिंगची सीलं धरत्यात. त्यात ग्रीस. जड बाजू खाली याया बघतीया, पर बेअरिंग येऊ देत न्हाई." एवढं बोलून त्यांनी भाकरी आमटीत कुस्करली. नंतरच्या दिवशी मी बँकेतनं आलो तेव्हा ते घरात नव्हते. सात वाजता रिक्षातनं उतरले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ब्राइट बारचा एक सरळ दांडा आणि लेथवर काढलेले दोन कोन, चाकाच्या भोकात दोन्ही बाजूंनी घट्ट बसतील असे, म्हणजे चाकाचं बेअरिंग फिरणारच नाही, दांड्यासकट सगळं चाक फिरेल. उद्यमनगरात कुणाकडनं करून आणले विचारलं तर म्हणाले, "हायत अजून चार जण." त्यांच्या बोटांवर ओळखीचा काळा होता. न्हाणीत जाऊन त्यांनी हात धुतले, मी बाहेरनं आवाज ऐकत होतो. बराच वेळ.

दुसऱ्या रविवारी त्यांनी कॉटखालचा पत्र्याचा डबा काढला. आत ६२०२ ची चार बेअरिंगं, मेणकागदात. त्यांनी ती पेट्रोलमध्ये धुतली, ग्रीसचा कण ठेवला नाही, आणि एक बोटावर धरून फिरवलं. ते जे फिरलं! सर्र असा किड्यासारखा आवाज करत एवढा वेळ फिरत राहिलं की मुलीनं मोजायला सुरुवात केली. दोन लाकडी ठोकळ्यांवर दोन-दोन बेअरिंगं शेजारी शेजारी बसवली, दांडा त्यांच्या बेचक्यात ठेवला. स्पिरिट लेव्हल त्यांच्याकडं होतीच. आबांनी बोटानं चाक जरा ढकललं आणि हात मागं घेतला.

ते पाळण्यासारखं हललं. पुढं, मागं, पुढं. थांबलं. व्हॉल्व्ह डावीकडं खाली, सातच्या काट्याला. आबांनी खडू मागितला. घरात खडू नव्हता, मुलीनं रांगोळी आणली. परत ढकललं, परत तीच जागा खाली. पाच वेळा केलं, पाचही वेळा रांगोळीची खूण तळाला. मग म्हणाले, "सुनबाईला म्हणावं, कणकीचा गोळा दे." ही स्वयंपाकघरातनं बाहेर आली, "मामा, आता चाकाला चपाती घालताय काय?" आबांनी गोळ्यातनं चिमूट चिमूट काढून खुणेच्या बरोबर समोर, वरच्या अंगाला रिमवर दाबली. ढकललं. अजून जड बाजू खाली येतच होती, पण आळसावून. अजून चिमूटभर. मग पाव फेरा फिरवून सोडलं, तर चाक तिथंच राहिलं. उलट्या बाजूनं पाव फेरा फिरवलं, तिथंही राहिलं. कणीक काढून हिच्या काट्यावर ठेवली. २३ ग्रॅम.

"दोन तोळं," आबा म्हणाले.

मी म्हटलं, तोळा दहा ग्रॅमचा. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की बँकेतल्या सगळ्या वर्षांचा पगार परत करावासा वाटला. "गुजरीतल्या सोनारांचा आत्ताचा. जुना तोळा पावणेबाराच्या जरा आत. अर्ध्या इंचाच्या ड्रिलनं इंचभर खोल भोक घातलं की दोन तोळं बीड निघतंय. आमचं मापच होतं ते." मी मनातल्या मनात हिशेब केला, भोकाचं घनफळ, बिडाची घनता. तेवीस ग्रॅम. बरोबर तेवीस.

मग चिकटवायची वजनं काढली, पाच पाच ग्रॅमच्या चौकटी असलेली पट्टी. हे आबांना पटेना. ते पट्टी हातात फिरवत राहिले. त्यांच्याकडं असं नव्हतं. फ्लायव्हील जिथं जड लागायचं तिथं भोक पाडून बीड काढून टाकायचं. पहिल्यांदा ओल्या मातीचा गोळा समोर लावून अंदाज घ्यायचा, गोळा तोलायचा, आणि तेवढं दुसऱ्या अंगाचं काढायचं. "तुम्ही जड तसंच ठेवून हलक्याला वजन लावताय," ते म्हणाले. "चाक आणखी जड झालं की." मी म्हटलं, टायरला भोक कसं पाडणार आबा? ते मुलीकडं बघून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. चार तुकडे सबंध लावले आणि पाचव्याचा जरा मोठा अर्धा कानसेनं घासून बसवला. कानस त्यांनीच धरली, मला दिली नाही.

आता हँडल थरथरत नाही. कागलपर्यंत दोनदा जाऊन आलो, टेकडीच्या उतारावर ८० ला आरशात एकच ट्रक दिसला. त्यात नव्या टायरचं किती आणि त्या २३ ग्रॅमचं किती, हे मला सांगता येणार नाही, आणि वजनं उपटून बघायची माझी तयारी नाही. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "मग माझ्या स्कूटरचं बघा की जरा." मी हो म्हणून टाकलं.

पण मला सांगायचं ते त्या दुसऱ्या रविवारचंच अजून राहिलं. कणीक लावून चाक पहिल्यांदा अंदाजात आलं होतं तेव्हाची गोष्ट. दुपार कलली होती, पश्चिमेला पन्हाळ्याच्या अंगानं ढग काळे होत आले होते, वळवाची लक्षणं. धुळीचा एक लोट गल्लीतनं गेला. चाक आपोआप बोटभर सरकलं. आबांनी हात पुसले, उठले, फाटकापर्यंत गेले, दोन्ही झापं ओढली आणि कडी घातली. तोच पत्रा, तोच अंधार. या वेळी माझ्या तोंडातनं निघालंच.

"आबा, फाटक कशाला लावलासा?"

"वारं येतंय नव्हं. चाक हालतंय."

खरंच होतं ते. फाटक लागल्यावर चाक मेल्यासारखं स्थिर राहिलं, वारा लागत होता म्हणूनच ते सरकत होतं. मी मान डोलावली. मागच्या रविवारी शेवग्याचं पान हलत नव्हतं आणि चाक तर पोत्यावर आडवं पडलेलं होतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. आबांनी माझ्याकडं बघितलं, मी रांगोळीच्या खुणेकडं. तेवढ्यात मुलगी क्लासची बॅग पाठीला अडकवून पायऱ्या उतरली. पाऊस यायच्या आत पोचतो म्हणाली आणि तिनं कडी काढली. आबा चाकावरची नजर न काढता म्हणाले,

"जाताना ओढून घे."